कन्व्हेन्शनल लेथवरचे टर्नर सीएनसीवर आणताना कोणाला काय शिकवावं? (अंबड, नाशिक)

अंबड_जॉबवर्क

नमस्कार. अंबड एमआयडीसीतल्या एका जॉबवर्क युनिटसाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे. सध्या आठ कन्व्हेन्शनल लेथ, तीन मिलिंग आणि एक सिलिंड्रिकल ग्राइंडर आहे. पाच लेथ काढून तिथे दोन सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणारी) टर्निंग सेंटर आणि एक व्हीएमसी (सीएनसी मिलिंग मशीन) बसतंय, तिन्हींवर फॅनक कंपनीचा कंट्रोल. माल मुख्यतः ईएन ८ (मध्यम कार्बनचं स्टील), थोडं एसएस ३०४ (स्टेनलेस), थोडं ॲल्युमिनियम. शाफ्ट, बुश, फ्लँज असे जॉब. टॉलरन्स बहुतेक ठिकाणी ±०.०२ मिमी.

माणसं अशी आहेत: सहा जुने टर्नर, सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे. दोन मिलर. आयटीआय झालेली चार मुलं, काही हेल्पर आणि एक इलेक्ट्रिशियन. मशीनबरोबर सप्लायरचं थोड्या दिवसांचं ट्रेनिंग मिळेल, पण तेवढ्यावर शिफ्ट चालणार नाही.

जुन्या टर्नरना सीएनसीवर घ्यावं की मुलांना? शिकवण्याचा क्रम काय असावा? एका ग्राहकाने सीपीके (मापं टॉलरन्सच्या आत किती सुरक्षित बसतात त्याचा आकडा) १.३३ मागितला आहे, ते कोणी सांभाळायचं? आणि इलेक्ट्रिशियनला नेमकं काय आलं पाहिजे?

सेटर_सातपूर

टर्नरच्या एका कामाचे सीएनसीवर तीन भाग होतात हे आधी लक्षात घ्या. जॉब लावणं, काढणं आणि मोजणं हे ऑपरेटरचं काम. जॉज (चकमधले जॉब धरणारे जबडे), टूल, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) आणि फर्स्ट पीस (तपासून पास करायचा पहिला नग) हे सेटरचं. प्रोग्रॅम लिहिणं आणि सायकल टाइम कमी करणं हे प्रोग्रॅमरचं. बऱ्याच ठिकाणी जुन्या टर्नरला सायकल स्टार्ट दाबायला उभं करतात आणि मुलाला मोबाइल-कॉम्प्युटर चांगला येतो म्हणून सेटर करतात. माझं ठाम मत याच्या उलट आहे. जॉब कुठे धरला की दबेल, टूल किती बाहेर काढलं की चॅटर (थरथर) येईल, कुठला टप्पा आधी घ्यायचा, हे टर्नरच्या हातात आधीच आहे आणि ते शिकवायला वर्षं लागतात. कीपॅड आणि कोड काही आठवड्यांत येतात. सहापैकी तीन-चार टर्नर सेटर म्हणून घ्या आणि प्रत्येकाबरोबर एक मुलगा ऑपरेटर म्हणून द्या.

क्रम असा ठेवा. पहिले दोन आठवडे फक्त मोजमाप आणि ड्रॉइंग. मग तीन आठवडे टूल टच करणं, जॉमेट्री (टूलचं मूळ माप) आणि वेअर (झिजेपोटी द्यायची बारीक दुरुस्ती) ऑफसेट. मग महिनाभर सॉफ्ट जॉज (जॉबच्या मापाला बोअर करायचे मऊ जबडे) आणि फर्स्ट पीस. प्रोग्रॅम वाचणं त्यानंतर, आणि लिहिणं सगळ्यांत शेवटी, तेही दोघांनाच. टर्निंगला रोज लागणारे कोड पंधरा-वीसच आहेत. ते वाचता आले की सेटरचं काम भागतं.

सगळ्यात जास्त माल वेअर ऑफसेटमुळे वाया जातो, म्हणून तिथे जास्त वेळ द्या. नियम एकच पाठ करून घ्या: हवं ते माप वजा आलेलं माप. शाफ्ट ४०.०० हवा आहे आणि ४०.०३ आला, तर एक्समध्ये -०.०३. बोअर ४०.०० हवा आहे आणि ३९.९८ आला, तर +०.०२. एक्स डायमीटरमध्ये असतो, त्यामुळे निम्मं करायचं नाही, आणि बाहेरच्या व आतल्या मापाला चिन्हाचा नियम तोच राहतो. जुना टर्नर डायलवर निम्मा कट देण्याच्या सवयीने इथे ०.०१५ टाकतो, हे पहिल्या आठवड्यात हमखास दिसेल.

दुसरी चूक ‘+इनपुट’ऐवजी ‘इनपुट’ दाबण्याची. वेअरमध्ये आधीपासून -०.१२ आहे आणि अजून -०.०३ द्यायचा आहे. +इनपुट दाबलं तर -०.१५ होतो. नुसतं इनपुट दाबलं तर जुना आकडा पुसून -०.०३ राहतो आणि जॉब ४०.१२ येतो. शाफ्टला पुन्हा कट देता येतो. पण बोअरच्या टूलमध्ये आधीचा वेअर उणे असेल आणि त्यावर नुसतं इनपुट पडलं, तर बोअर मोठा होऊन जॉब स्क्रॅप.

तिसरी चूक इन्सर्ट (टूलचा बदलता येणारा कापणारा तुकडा) बदलताना. इन्सर्ट झिजत जातो तसा शाफ्ट मोठा येतो, म्हणून वेअर उणे होत जातो. नवी कडा लावली आणि वेअर तसाच ठेवला, तर पहिलाच जॉब अंडरसाइज. इन्सर्ट फिरवला की त्या टूलचा वेअर शून्य, आणि बाहेरच्या मापाला पहिल्या जॉबपुरता +०.२ ठेवून कट घ्यायचा, मोजायचं, मग पुढे. हे कागदावर लिहून मशीनच्या दारावर चिकटवा.

टेपर आणि रेडियस चुकतात पण डायमीटर आणि फेस बरोबर येतात, अशी तक्रार आली की आधी नोज रेडियस (टूलच्या टोकाची गोलाई) बघा. ऑफसेट पानावर आर (तो रेडियस) आणि टिप क्रमांक (टोक कुठल्या दिशेला आहे तो) भरलेला नसतो. बाहेरच्या टर्निंगला टिप ३, बोअरिंगला २. सीएनएमजी १२०४०८ इन्सर्टचा नोज रेडियस ०.८ आहे, शेवटचे ०८ तेच सांगतात.

जुन्या सवयींपैकी एक मात्र मोडावीच लागते. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने ५० मिमीचा ईएन ८ बार मिनिटाला ३० मीटरने कापणाऱ्या माणसाचा कान १९० आरपीएमला जुळलेला असतो. कार्बाइडला २०० मीटर धरले तर तोच बार १२७३ आरपीएमवर फिरतो. भीतीने तो फीड ०.०५ वर आणतो, मग चिप तुटत नाही, लांब गुंता होऊन चकभोवती गुंडाळते. चिपब्रेकरला किमान फीड लागतोच. एसएस ३०४ ला तर बारीक, घासणारा कट दिला की पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा इन्सर्ट तिथेच जातो. फिनिश हवा असेल तर हिशेब शिकवा: फीडचा वर्ग भागिले आठ पट नोज रेडियस. फीड ०.२ आणि रेडियस ०.८ ला उंचवटा ६.२५ मायक्रॉन येतो, फीड ०.१ केला तर १.५६. म्हणजे फीड निम्मा केला की उंचवटा चौथाई होतो. आरपीएम वाढवून हा फरक पडत नाही.

जी ९६ (कापण्याचा वेग कायम ठेवणारा कोड) वापरताना जी ५० ची (कमाल आरपीएमची) मर्यादा प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असलीच पाहिजे. २०० मीटरने फेसिंग करत टूल १० मिमी व्यासाला आलं की मशीन ६३६६ आरपीएम मागतं. वेग वाढला की जॉजची पकड सैल पडते आणि जॉब उडतो. ही मर्यादा जॉब आणि चक बघून सेटरनेच ठरवायची, जुन्या प्रोग्रॅममधून उचलायची नाही.

गेज_रूम

वरचं सगळं पटलं. मोजमापाचे दोन आठवडे कोणी ‘त्यांना येतंच’ म्हणून गाळू नये, एवढ्यासाठी लिहितोय.

±०.०२ म्हणजे एकूण पट्टा ०.०४. मोजायचं साधन पट्ट्याच्या दहाव्या हिश्शाइतकं बारीक हवं, म्हणजे ०.००४. ०.०२ चा व्हर्निअर इथे उपयोगाचाच नाही आणि ०.०१ चा मायक्रोमीटरही अपुरा. ०.००१ चा घ्या. मग तीन माणसं, दहा जॉब, प्रत्येकाने दोन-तीनदा मोजायचं, आधीचा आकडा न बघता. मोजण्यातलाच फरक पट्ट्याच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, १० ते ३० मध्ये असेल तर विचार करून चालवायचं, ३० च्या वर असेल तर त्या साधनावर किंवा त्या पद्धतीवर सीपीके काढण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा दोष मायक्रोमीटरचा नसतो, कोणी रॅचेट वापरतो आणि कोणी थिंबल पिळतो, एवढाच असतो.

गरम जॉब मोजणं ही दुसरी गोष्ट. मापं २० अंशाला धरलेली असतात. १०० मिमीचा स्टीलचा जॉब ४५ अंशावर मोजला तर तो जवळजवळ ०.०२९ मोठा दिसतो, ॲल्युमिनियम ०.०५८. त्या आकड्यावर ऑफसेट दिला की थंड झाल्यावर जॉब कमी भरतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या पहाटेच्या शिफ्टला मशीनही थंड असतं. स्पिंडल पंधरा-वीस मिनिटं फिरवून घ्या, नाहीतर पहिले काही जॉब वेगळे आणि नंतरचे वेगळे येतील आणि ऑपरेटर दिवसभर ऑफसेटच्या मागे पळेल.

पातळ भिंतीचे बुश चकमध्ये जास्त प्रेशरने धरले तर सुटल्यावर तीन कोपरे येतात. मायक्रोमीटरने कुठेही मोजलं तरी व्यास तेवढाच दिसतो, कारण दोन बिंदूंच्या मापाला हा आकार पकडता येत नाही. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल फिरवा, लगेच कळेल. ग्राहकाकडे असेंब्लीत बुश अडकतो आणि इकडे रिपोर्ट ओके असतो, त्यामागे बहुधा हेच असतं. प्रेशर कमी करा किंवा पूर्ण घेर धरणारे सॉफ्ट जॉज करा. जॉज बोअर करताना आत रिंग धरून, ज्या प्रेशरला जॉब धरायचा त्याच प्रेशरला करायचे.

आता सीपीके. ४०.०० ±०.०२ च्या शाफ्टची सरासरी ४०.००८ आणि सिग्मा (मापांचा फैलाव) ०.००४ असं धरा. सीपी (फक्त फैलावावरून काढलेला आकडा) १.६७ येतो, पण वरच्या मर्यादेपासून अंतर ०.०१२ च असल्यामुळे सीपीके १.०. इथे मशीन चांगलं आहे, फक्त माप मधोमध नाही. एकदा -०.००८ चा वेअर दिला की सीपीकेही १.६७. याउलट सिग्माच ०.००८ असेल तर ऑफसेटने काही होणार नाही. मग पकड, इन्सर्ट, टूलचा ओव्हरहँग, स्पिंडल हे बघावं लागतं. हा फरक सेटरला कळला की ग्राहकाचा ऑडिटर आला तरी तो गोंधळणार नाही.

ऑपरेटरला मात्र एक निक्षून सांगा: प्रत्येक जॉबनंतर ऑफसेट द्यायचा नाही. नैसर्गिक चढउताराच्या मागे धावलं तर फैलाव कमी होत नाही, उलट वाढतो; व्हेरिअन्स दुप्पट होतो. सलग पाच जॉबची सरासरी सरकली तरच दुरुस्ती. म्हणून सीपीके सांभाळायचा तो मशीनवरच्या माणसाने. क्वालिटीवाला फक्त आलेख काढतो.

व्हीएमसीवर जाणाऱ्या मिलरसाठी: पोझिशन टॉलरन्स आधी शिकवा. भोक एक्समध्ये ०.०५ आणि वायमध्ये ०.०५ सरकलं तर पोझिशनची चूक ०.०५ नसते, ०.१४१ असते, कारण ती तिरक्या अंतराच्या दुप्पट, व्यासात धरतात. ०.१ च्या पोझिशनला तो जॉब नापास आहे.

अंबड_जॉबवर्क

दोघांचेही मनापासून आभार. सेटर_सातपूर, दशांश चुकून ०.०३ ऐवजी ०.३ किंवा ३ पडला तर? जुन्या मंडळींना स्क्रीनवरचे बारीक आकडे वाचायला त्रास होतो, त्याचीच काळजी आहे.

सेटर_सातपूर

त्याला मशीनमध्येच कुलूप आहे. फॅनकच्या टर्निंग कंट्रोलमध्ये पॅरामीटर ५०१३ ने वेअरची एकूण मर्यादा ठरते आणि ५०१४ ने एका वेळी +इनपुटने किती जाईल ती. बॅचला शोभेल असा आकडा टाका, त्यापलीकडे कंट्रोल घेतच नाही. इन्स्टॉलेशनला आलेल्या इंजिनिअरकडून तुमच्या मॉडेलला तपासून करून घ्या. दशांश चिन्ह न टाकता आकडा दिला तर तो मिलिमीटर धरायचा की मायक्रॉन, हेही पॅरामीटरवर ठरतं. दोन्ही मशीनला एकच सेटिंग ठेवा. एका मशीनची सवय दुसऱ्यावर नेताना अपघात होतात.

नवीन प्रोग्रॅमला पहिल्यांदा सिंगल ब्लॉक, रॅपिड कमीत कमी, आणि प्रत्येक टूल जॉबजवळ आलं की ‘डिस्टन्स टू गो’ (किती जायचं बाकी आहे ते) वाचायचं. टूल जॉबपासून १० मिमीवर दिसतंय आणि स्क्रीन ६० दाखवतेय, तर पुढे जायचं नाही. डोळ्यांसाठी जवळचा चष्मा आणि पॅनेलवर चांगला दिवा द्या. खर्च किरकोळ आहे.

मेंटेनन्स_पाळी

इलेक्ट्रिशियनबद्दल. मोटर, स्टार्टर, थ्री फेज वायरिंग येणारा माणूस सीएनसीच्या पॅनेलसमोर अडकतो, कारण तिथला बहुतेक बिघाड २४ व्होल्ट डीसीच्या बाजूला असतो. पहिल्यांदा पीएनपी आणि एनपीएन सेन्सरमधला फरक (एक इनपुटला प्लस देतो, दुसरा मायनस) शिकवा. त्याच आकाराचा चुकीचा प्रॉक्सिमिटी बसवला की त्याचा दिवा लागतो, पण इनपुट काही येत नाही, आणि अर्धा दिवस वायर शोधण्यात जातो. मग ड्रॉइंगवरून इनपुटचा पत्ता शोधून स्क्रीनवर त्याची स्थिती बघणं. चक क्लॅम्प होत नाही, दार बंद असून सायकल सुरू होत नाही, टरेट लॉक नाही, अशा तक्रारींत हे आलं की सर्व्हिस इंजिनिअरची वाट बघावी लागत नाही. लॅडर (मशीनच्या इनपुट-आउटपुटचं लॉजिक) लिहिता येण्याची गरज नाही, वाचता आली पाहिजे.

बॅटरीचं काम लेखी ठेवा. ॲब्सोल्यूट एन्कोडरच्या (अक्षाची जागा लक्षात ठेवणाऱ्या) बॅटऱ्या मशीन चालू ठेवून, इमर्जन्सी दाबून बदलायच्या. इलेक्ट्रिशियनची चांगली सवय ‘आधी मेन बंद’ ही असते, आणि नेमकी इथेच ती नडते. पॉवर बंद करून बॅटरी काढली की अक्षांची होम पोझिशन जाऊ शकते. मग एपीसीचा (एन्कोडरचा) अलार्म येतो आणि प्रत्येक अक्ष पुन्हा खुणेवर आणून पॅरामीटर १८१५ मधला एपीझेड (होम ठरल्याचा) बिट लावावा लागतो. खूण आधी केलेली नसेल तर सगळं काम पुन्हा. बाकी ड्राइव्हच्या कामाला मात्र मेन बंदच, कुलूप आणि टॅग लावून. त्यानंतरही लेबलवर लिहिलेली मिनिटं थांबून मीटरने डीसी बस शून्य झाली का बघायचं. कपॅसिटरमधला दाब बराच वेळ राहतो.

पॅरामीटर, लॅडर, प्रोग्रॅम यांचा बॅकअप मशीन बसल्याच्या आठवड्यातच दोन ठिकाणी घ्या. पावसाळ्यात एअर लाइनमध्ये पाणी येतं, एफआरएल (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर) रोज ड्रेन करायला ऑपरेटरला शिकवा. लुब्रिकेशनच्या टाकीत स्लाइडवेचं ६८ नंबरचं तेलच जातं. हायड्रॉलिकचा कॅन जवळ ठेवू नका.

फॅब्रिकेशन_सिन्नर

वेल्डिंगचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण बदल तिथेही असाच आहे. हाताने वेल्ड करणारा २ मिमीची फट विणत भरून काढतो. रोबोट शिकवलेल्या रेषेवरून सरळ जातो, फट तशीच राहते किंवा पत्रा जळतो. त्यामुळे रोबोट आला की कौशल्य वेल्डिंगच्या आधी सरकतं: कटिंग, बेंडिंग, फिक्श्चर. चांगला वेल्डरच रोबोट शिकवायला घ्या, त्याला टॉर्चचा कोन आणि वायरची लांबी कळते. शिकवताना टी१ (हळू चालवण्याचा) मोड, त्यात वेग २५० मिमी प्रति सेकंदाच्या पुढे जात नाही. कॉन्टॅक्ट टिप बदलली की टीसीपी (टूलच्या टोकाची रोबोटमध्ये नोंदलेली जागा) तपासणं चुकवू नका. १.२ ची वायर निम्म्या जाडीने सरकली तरी सांध्याची मुळं सुटतात.

ओझर_व्हेंडर

कुठलं कौशल्य वाढवायचं ते नाशिकचा माल कुठे चाललाय यावरूनही ठरवा. इथे डिझेल इंजेक्शनच्या भागांवर ग्राइंडिंग, होनिंग, लॅपिंग करणारे फार चांगले हात तयार झाले. १ एप्रिल २०२० ला बीएस ६ आल्यावर त्या कामाचं स्वरूप बदललं आणि बॅटरीच्या गाडीत तर इंजेक्टरच नाही. काही मायक्रॉनचा क्लिअरन्स सांभाळणारा माणूस मात्र वाया जात नाही. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल, एअरोस्पेसचे बुश, मोजमापाची साधनं, सगळीकडे तेच हात लागतात. तुमच्याकडचा सिलिंड्रिकल ग्राइंडर आणि त्यावरचा माणूस जपा.

ओझरला १९६४ पासून विमानांचं काम आहे आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथे तेजस एमके १ए ची लाइन सुरू झाली. त्या साखळीत शिरायचं तर मशीनपेक्षा नोंदींची शिस्त जास्त लागते. एएस ९१०० ची (विमान उद्योगाच्या क्वालिटी मानकाची) व्यवस्था, पहिल्या नगाचा प्रत्येक मापासह अहवाल, मटेरियलचा हीट नंबर (धातूच्या ओतीचा क्रमांक) शेवटच्या तुकड्यापर्यंत. बार कापला की उरलेल्या तुकड्यावर नंबर पुन्हा पंच करावा लागतो. तो राहिला तर पूर्ण तुकडा बाद. शॉपमध्ये कागदाचं काम हलकं समजतात, पण इथे तेच एक कौशल्य आहे. एखादा नेटका मुलगा त्यावर घडवा.

स्विचगिअर आणि हार्नेसच्या बाजूला क्रिम्पिंग वाढतंय. ते सोपं दिसतं. क्रिम्पची उंची मायक्रोमीटरने आणि ओढून बघण्याची चाचणी, दोन्ही प्रत्येक सेटिंगला लागतात. उंची जास्त राहिली तर वायर निसटते, कमी झाली तर तारा तुटतात. ६० व्होल्ट डीसीच्या वरच्या कामाला वेगळं प्रशिक्षण आणि १००० व्होल्टचे, क्लास ० चे हातमोजे, वापरण्याआधी हवा भरून तपासलेले.

ट्रेनिंग_त्र्यंबकरोड

मुलांबद्दल कोणी लिहिलं नाही. तीस किंवा जास्त माणसं असतील तर एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. केंद्राच्या ॲप्रेंटिस योजनेत स्टायपेंडच्या २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, इतका वाटा मिळतो. नोंदणी पोर्टलवर करून करार आधी करा, माणूस आधी आणि कागद नंतर असं चालत नाही.

आयटीआयचा टर्नर किंवा मशिनिस्ट दोन वर्षं शिकून येतो, त्याला प्रोग्रॅमचे कोड माहीत असतात. कमतरता असते ती टूल ग्राइंड करून धार कशी काम करते हे बघण्याची आणि हजार नगांच्या बॅचमध्ये टिकून राहण्याची. म्हणून मुलांना सहा आठवडे उरलेल्या कन्व्हेन्शनल लेथवर जुन्या टर्नरच्या हाताखाली ठेवा. दोघांची अदलाबदल तिथेच होते: मुलगा धार शिकतो, टर्नर त्याच्याकडून ऑफसेटचं पान शिकतो.

भिंतीवर स्किल मॅट्रिक्स लावा. माणसांची नावं उभी, कामं आडवी, आणि चार पायऱ्या: माहिती आहे, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. तिसऱ्या पायरीला लेखी परीक्षा नको. एक ठरलेला जॉब द्या, सॉफ्ट जॉजपासून फर्स्ट पीस पासपर्यंत, वेळ आणि मापं लिहून घ्या. आणि चौथ्या पायरीला पगारात वाढ जोडा. शिकवलं की आपली जागा जाईल असं वाटलं तर कोणीही मनापासून शिकवणार नाही, आणि त्यांचं ते वाटणं चुकीचंही नाही. ‘सेटर’ हा हुद्दा आणि त्याची ग्रेड पत्रावर लिहून द्या, तोंडी नको.

अंबड_जॉबवर्क

फार उपयोगी. शेवटचं एक: तीन लेथ ठेवतोय, पण मशीनवाला म्हणतो तेही काढा, जागा मोकळी होईल.

सेटर_सातपूर

तीन नको, दोन तरी ठेवा. फिक्श्चरचे पिन, एखाद-दुसऱ्या नगाची रिपेअर, वाढीव मापाच्या शाफ्टचा रिवर्क, सॉफ्ट जॉजचे ब्लँक, ही कामं सीएनसीवर घेतली की चालू बॅचची सेटिंग मोडते आणि पुन्हा फर्स्ट पीस काढण्यात वेळ जातो. कमी झिजलेल्या बेडचे दोन निवडा: टेस्ट बार सेंटरमध्ये धरून ३०० मिमी लांबीत डायल फिरवा, टेलस्टॉक जुळवूनही ०.०२ च्या वर टेपर दाखवणारा आधी काढा. त्या दोनवर एक जुना टर्नर कायमचा ठेवा, टूलरूमचा माणूस म्हणून. सहामधला जो सीएनसीकडे यायला अजिबात तयार नाही पण हात सगळ्यात सफाईदार आहे, तो.